इंडेक्स ऑफ अमेरिकन डिझाइन

अमेरिकेतील नित्य वापराच्या जुन्या हस्तकला-वस्तूंची जलरंगांत केलेली चित्रनोंद. महामंदीत बेकार झालेल्या चित्रकारांना काम देणाऱ्या ‘फेडरल आर्ट प्रोजेक्ट’ या सरकारी योजनेचा हा भाग (1935–42). 18,000 हून अधिक चित्रांचा संग्रह 1943 पासून वॉशिंग्टनच्या नॅशनल गॅलरी ऑफ आर्टमध्ये आहे. गोधड्या, वातकुक्कुट (वाऱ्याची दिशा दाखवणाऱ्या आकृती), शेकर या साध्या राहणीच्या ख्रिस्ती पंथीयांचे लाकडी सामान, खेळणी, जहाजांच्या नाळेवरील पुतळे असे विषय त्यात येतात.

मूळ कल्पनेचे श्रेय निरनिराळ्या व्यक्तींना दिले जाते. न्यूयॉर्क सार्वजनिक ग्रंथालयाच्या चित्रविभागप्रमुख रोमाना जाविट्झ आणि वस्त्र-संकल्पक रूथ रीव्ह्ज यांच्या 1935 च्या सुमाराच्या चर्चेतून ती निघाली, हे मत अधिक ग्राह्य वाटते. युरोपीय लोककलेचे सचित्र ग्रंथ संकल्पकांना मिळत. अमेरिकन वस्तूंचे तसे संकलन नव्हते. प्रकल्पाचे राष्ट्रीय संचालक होल्गर काहिल यांनी 1932 मध्येच न्यूयॉर्कला लोककलेचे मोठे प्रदर्शन भरवले होते. तरी त्यांचा वाटा कल्पनेपेक्षा तिला देशव्यापी रूप देण्यात दिसतो. रीव्ह्ज पुढे 1956 मध्ये भारतात आल्या, येथील हस्तकलांचा त्यांनी अभ्यास केला आणि 1966 मध्ये दिल्लीत त्यांचे निधन झाले.

रंगीत छायाचित्रण तेव्हा महाग होते आणि त्याचे रंगही टिकत नसत. म्हणून जलरंग निवडले गेले. बॉस्टनच्या ललितकला संग्रहालयातील सुझान चॅपमन यांनी शिकवलेली पद्धत चित्रकार जोसेफ लिंडन स्मिथ यांच्या इजिप्तमधील शिल्पचित्रणापर्यंत मागे नेता येते. काटेकोर रेखाटनावर पातळ रंगाचे थर चढवत वस्तूचा पोत, झीज, गंजही उतरवायचा, असा तिचा रोख होता. मॅग्नस फॉसम हा चित्रकार ‘बॉस्टन टाउन’ नक्षीच्या पलंगपोसाची नक्कल करत असल्याचे फ्लोरिडातील 1940 चे छायाचित्र प्रसिद्ध आहे. छायाचित्राच्या नोंदीत पलंगपोस 1770 चा म्हटला आहे. मात्र या नक्षीतली घरांच्या रांगेची किनार सामान्यतः जकार्ड मागावरच्या (छिद्रे पाडलेल्या पत्त्यांनी नक्षी विणणाऱ्या), म्हणजे 1820 नंतरच्या विणीत आढळते. तेव्हा हे साल बरेच आधीचे वाटते.

मूळनिवासींच्या कलेचा समावेश मुद्दाम केलेला नाही. पेनसिल्व्हेनियातील जर्मनवंशीयांचे काम भरपूर आहे. दक्षिणेकडील राज्ये त्या मानाने विरळ आहेत. छापून प्रसिद्ध करायचे ठरलेले चित्रसंच बहुतांशी निघालेच नाहीत. निवडक चित्रांचा अर्विन क्रिस्टेन्सन यांचा ग्रंथ 1950 मध्ये प्रसिद्ध झाला.