बैल बुजला आणि नियत फिरली

पेरणीच्या तोंडावर विदर्भातल्या एखाद्या गावात दोन कास्तकारांचे वाजले, तर भांडणाचे मूळ पुष्कळदा धुऱ्यात सापडते. दोन शेतांमधला हा मातीचा बांध वखराने किंवा ट्रॅक्टरने दर हंगामात थोडाथोडा कोरला जातो आणि काही वर्षांनी त्यावरून धड चालताही येत नाही. दोघांना वेगवेगळे गाठून विचारले, तर दोघेही मनापासून सांगतात की धुरा समोरच्याने कोरला. यातला एक खोटे बोलत असेलच असे नाही. आपला वखर धुऱ्यात गेला तेव्हा बैल बुजला होता हे आपल्याला आठवते. शेजाऱ्याचा गेला तेव्हा त्याची नियत फिरली होती, असे आपल्याला दिसते.

स्वतःचा हेतू आपल्याला आतून ठाऊक असतो, दुसऱ्याची मात्र केवळ कृती दिसते. निकोलस एप्ली आणि डेव्हिड डनिंग या मानसशास्त्रज्ञांनी २००० साली प्रसिद्ध केलेल्या संशोधनात हा फरक आकड्यांत पकडला. अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठात कर्करोगाच्या मदतनिधीसाठी डॅफोडिलची फुले विकली जात. विक्रीच्या काही आठवडे आधी विद्यार्थ्यांना विचारले, तेव्हा ८३ टक्के जण म्हणाले की आपण निदान एक फूल घेऊ. इतरांपैकी मात्र ५६ टक्केच घेतील, असा त्यांचा अंदाज होता. प्रत्यक्षात फूल घेतले ४३ टक्क्यांनी.

हे आकडे पुन्हा एकदा पाहण्यासारखे आहेत, कारण स्वतःला सज्जन समजणाऱ्या माणसाबद्दल आपली जी समजूत असते, तिला ते धक्का देतात. तो इतरांना विनाकारण कमी लेखतो, असे आपण धरून चालतो. पण या विद्यार्थ्यांचा इतरांविषयीचा अंदाज त्यातल्या त्यात खऱ्याच्या जवळ होता आणि मोठी चूक झाली ती स्वतःविषयी. पांदण रस्त्याच्या श्रमदानासाठी ग्रामसभेत हात वर करून शेजारच्याच्या कानात ‘लोकं काही येत नाहीत जी’ असे पुटपुटणारा गृहस्थ लोकांना बरोबर ओळखून असतो. मागच्या वेळी किती फावडी आली होती, हे त्याने पाहिलेले असते. स्वतःचा हिशेब करताना मात्र तो मागची हजेरी पाहत नाही, मनातली इच्छा पाहतो, आणि ती खरीच असते.

हा भ्रम मोडायला मोठा पुरावाही पुरत नाही. कॉन्स्टंटाइन सेडिकिडीस आणि सहकाऱ्यांनी इंग्लंडमधील एका तुरुंगातल्या कैद्यांना स्वतःची तुलना इतरांशी करायला सांगितली. हे संशोधन २०१४ साली प्रसिद्ध झाले. दया, औदार्य, प्रामाणिकपणा अशा गुणांत त्यांनी स्वतःला इतर कैद्यांपेक्षाच नव्हे, तर बाहेरच्या सामान्य माणसापेक्षाही वरचे ठरवले. कायदा पाळण्याच्या बाबतीत तेवढी त्यांनी बाहेरच्या माणसाशी बरोबरी मान्य केली!

आपण स्वतःला सगळ्याच बाबतींत सारखे फुगवत नाही. १९८९ साली अमेरिकी संशोधकांना असे दिसले की लोक स्वतःला इतरांपेक्षा अधिक सच्छील मानतात, पण अधिक हुशार तेवढ्या जोराने मानत नाहीत. याला त्यांनी मुष्टियोद्धा मुहम्मद अलीचे नाव दिले, कारण सैन्यभरतीच्या बौद्धिक चाचणीत कमी पडल्यावर त्याने आपण सर्वश्रेष्ठ असल्याचे म्हटले होते, सर्वांत हुशार असल्याचे नव्हे, अशा अर्थाचे उत्तर दिले होते. पुढे २०१७ साली बेन टॅपिन आणि रायन मॅके यांनाही स्वतःविषयीची अवाजवी कल्पना सर्वाधिक नैतिक गुणांतच आढळली. याचे एक कारण मला अगदी साधे वाटते. एकरी किती क्विंटल कापूस पिकला हे काट्यावर कळते आणि तिथे फार बढाई चालत नाही. प्रामाणिकपणासाठी असा काटा नसल्यामुळे ज्याने त्याने तो आपल्या घरीच तोलायचा असतो.

धुऱ्याचे भांडण हाताबाहेर गेले की मात्र मोजणीचा अर्ज होतो. भूमी अभिलेख कार्यालयाचा भूकरमापक नकाशा घेऊन शेतात उतरतो, हद्दीच्या खुणा करतो आणि बैल बुजला होता का, हे कुणालाच विचारत नाही. कधी कधी त्या खुणा दोघांच्याही वखरलेल्या जमिनीत निघतात.