ॲव्हरेजचा आकडा येतो कुठून?

इंदुरात कुणाच्या दारात नवी गाडी उभी राहिली, की पेढा तोंडात टाकता टाकता पहिला प्रश्न ठरलेला असतो: "ॲव्हरेज किती देते?" मायलेज हा जाहिरातींतला शब्द. रामबागेत, राजेंद्रनगरात, सुदामानगरात मराठी घरांमध्ये चालतं ते ॲव्हरेजच, आणि मला तोच शब्द नेमका वाटतो. महू नाक्याची गर्दी, मानपूरचा घाट, मे महिन्यातला एसी, पुण्याला जातानाची ठासून भरलेली डिकी, हे सगळं धरून पडलेली सरासरी म्हणजे ॲव्हरेज. शोरूममध्ये सांगतात तो आकडा मात्र या सरासरीचा नसतो. तो कुठून येतो आणि छोटी गाडी घेताना त्याच्यावर किती भिस्त ठेवावी, हे कळायला जरा मागे जावं लागतं.

आमच्या घरी हा हिशेब वहीत होता. बाबांनी सेकंडहँड मारुती 800 घेतली, तेव्हापासून डॅशबोर्डच्या कप्प्यात एक लांबट वही आणि तिला दोऱ्याने बांधलेलं बॉलपेन असे. चार रकाने: तारीख, किलोमीटर, लिटर, रुपये. पद्धत एकच, टाकी फुल ते टाकी फुल. पंपावरचं नोझल खट्कन आपोआप बंद झालं की तिथेच थांबायचं. पैसे राउंड करायला पंपवाला आणखी थोडं घालू लागला, तर बाबा हातानेच थांबवत. पुढच्या वेळी टाकी नेमकी तितकीच भरली नाही, तर सगळा हिशेब चुकतो. होता होईतो पंप तोच, मशीनही तेच. एका टाकीच्या आकड्यावर ते विश्वास ठेवत नसत. पाच टाक्यांची बेरीज केल्याशिवाय कुणाला काही सांगत नसत. त्या वहीत शहरातले आकडे पंधराच्या आसपास घुटमळतात आणि पुण्याच्या फेऱ्यांचे एकोणिसाला टेकतात. गाडी तीच, चालवणाराही तोच.

1983च्या आधी हा प्रश्न विचारण्याची सोयच फारशी नव्हती. रस्त्यावर मुख्यतः अँबेसडर आणि प्रीमियर पद्मिनी. नंबर लावून वर्षानुवर्षं थांबल्यावर गाडी मिळायची. ती पेट्रोल किती पिते याची चर्चा कोण करणार? बाहेर जगात मात्र ऑक्टोबर 1973च्या तेलसंकटाने गणित उलटंपालटं केलं होतं. काही महिन्यांत कच्चं तेल सुमारे चौपट महागलं. अमेरिकेने 1975 साली ऊर्जा कायदा केला. प्रत्येक कंपनीने विकलेल्या सगळ्या गाड्यांची मिळून सरासरी 1978च्या मॉडेलांसाठी गॅलनला 18 मैल आणि 1985पर्यंत 27.5 मैल व्हावी, असं त्यात ठरलं. नव्या गाडीच्या काचेवर इंधनाच्या आकड्याचं लेबल लावणंही बंधनकारक झालं. म्हणजे सरकारी रेटिंग जन्माला आलं ते देशाच्या तेलाच्या काळजीतून. गिऱ्हाइकाचा खिसा त्यात होता, पण दुसऱ्या नंबरावर.

आपल्याकडे सुझुकीशी करार झाला 2 ऑक्टोबर 1982ला आणि पहिल्या मारुती 800च्या किल्ल्या दिल्या गेल्या 14 डिसेंबर 1983ला. तीन सिलिंडर, 796 सीसी, किंमत सुमारे पन्नास हजार. हलकी गाडी, छोटं इंजिन. पेट्रोल कमी लागणारच. पण ॲव्हरेज हा घराघरातला विषय झाला त्याचं श्रेय मी दुचाकींना देईन. 1984मध्ये आपल्या शेजारच्या पीथमपुरात कायनेटिक होंडा बनू लागली, 1985मध्ये हीरो होंडाची सीडी 100 आली आणि लिटरला किती किलोमीटर हे माणसं जिभेवर घेऊन फिरू लागली. हीच माणसं पुढे कारकडे वळली. त्यांच्या मनातली तुलना अँबेसडरशी नव्हती, स्वतःच्या स्कूटरशी होती. म्हणूनच पंधराचा आकडा ऐकून आमची आजी म्हणाली होती, "एवढं पेट्रोल? त्यापेक्षा रिक्षा बरी की रे."

पुष्कळ वर्षं जाहिरातींत 'स्टँडर्ड टेस्ट कंडिशन्स'मधले आकडे छापले जात. एका ठरावीक वेगाने, सरळ सपाट रस्त्यावर, न थांबता गाडी चालवून काढलेला आकडा. राजवाड्यापासून सराफ्यापर्यंतसुद्धा कुणी तशी गाडी चालवू शकत नाही. 2009पासून वाहन उत्पादकांच्या संघटनेने, म्हणजे सियामने, प्रमाणित चाचणीतले आकडे स्वतःहून जाहीर करायला सुरुवात केली. पुण्याची एआरएआय ही संस्था 1966ची. गाड्यांच्या प्रमाणीकरणाचं मोठं काम तिच्याकडे, म्हणून लोकांच्या तोंडी 'एआरएआयचं मायलेज' हे नाव बसलं.

ही चाचणी रस्त्यावर होत नाही, हे अजूनही कित्येकांना ठाऊक नसतं. गाडी एका बंद खोलीत रोलरवर उभी करतात. चाकं फिरतात, गाडी जागची हलत नाही. चालक समोरच्या पडद्यावरच्या रेषेबरहुकूम वेग कमीजास्त करतो. हा सगळा खेळ 1180 सेकंदांचा, वीस मिनिटांच्याही आतला. आधी शहरी भाग: 195 सेकंदांची एकच आवृत्ती चार वेळा, वेग कधीच 50च्या वर नाही. मग 400 सेकंद हायवेचे. युरोपात हा भाग 120पर्यंत जायचा, आपल्याकडे तो 90वर थांबवला. या शहरी भागात शून्यावरून 50चा वेग गाठायला तब्बल 26 सेकंद मिळतात. पलासियाच्या सिग्नलवर हिरवा दिवा लागल्यावर कुणी इतक्या सावकाश निघालं, तर मागचे हॉर्न थांबणार नाहीत. एसी बंद असतो. आणि पेट्रोल लिटरने मोजतही नाहीत. सायलेन्सरमधून निघालेला धूर पिशव्यांमध्ये गोळा करतात, त्यातला कार्बन मोजतात आणि त्यावरून किती इंधन जळलं ते काढतात. पद्धत अचूक आहे. ती मोजते ते त्या वीस मिनिटांचं असतं, एवढंच.

खोलीतल्या रोलरला बाहेरचा रस्ता कसा कळतो, हा यातला सगळ्यात नाजूक भाग, आणि त्याचा धागा इंदूरजवळ येतो. गाडी मोकळ्या रस्त्यावर वेगात नेतात, न्यूट्रल करतात आणि नुसती घरंगळू देतात. अमुक वेगावरून तमुक वेगापर्यंत उतरायला किती सेकंद लागले, यावरून हवेचा आणि टायरांचा विरोध कळतो. याला कोस्टडाउन म्हणतात. तोच विरोध मग रोलरला लावतात. अशा मोजणीला लांब आणि सपाट ट्रॅक लागतो. पीथमपूरच्या नॅट्रॅक्स या गाड्यांच्या चाचणी केंद्रात जून 2021मध्ये उघडलेला वेगाचा ट्रॅक 11.3 किलोमीटरचा आहे, साधारण तीन हजार एकरांच्या आवारात. ठरावीक वेगाला इंधन किती लागतं, ही मोजणीसुद्धा त्या ट्रॅकवरच्या कामांत येते. जिथे आपल्या कायनेटिक होंडा बनल्या त्याच गावात आज हे मोजमाप चालतं, याचा मला इंदुरी माणूस म्हणून अभिमान वाटतो.

न्यूट्रलवरून एक सांगायलाच हवं. सेंधव्याच्या पुढे बिजासन घाट उतरताना बाबा गाडी न्यूट्रल करत. पेट्रोल वाचतं म्हणून. त्या पिढीतले कितीतरी जण करत. कार्ब्युरेटरच्या काळात थोडं वाचतही असेल. फ्युएल इंजेक्शनच्या, म्हणजे संगणक मोजून पेट्रोल सोडतो अशा गाडीत मात्र उलटं आहे. गिअरमध्ये ठेवून पाय ॲक्सिलरेटरवरून काढला, की चाकंच इंजिनाला फिरवतात आणि संगणक पेट्रोल पूर्ण तोडतो. न्यूट्रल केलं, की इंजिन चालू ठेवायला पेट्रोल द्यावंच लागतं, शिवाय उतारावर इंजिनाचा ब्रेकही जातो. घाटात गाडी गिअरमध्येच ठेवा, ही माझी कळकळीची विनंती आहे.

कोस्टडाउनचे आकडे जरा इकडेतिकडे झाले तर काय होतं, हे जगाने दोनदा पाहिलं. नोव्हेंबर 2012मध्ये ह्युंदाई आणि किआ यांना अमेरिकेत सुमारे नऊ लाख गाड्यांचे आकडे खाली आणावे लागले, आणि 2014मध्ये दहा कोटी डॉलरचा दंड भरावा लागला. एप्रिल 2016मध्ये मित्सुबिशीने जपानात कबूल केलं, की 660 सीसीच्या छोट्या गाड्यांच्या चाचण्यांत विरोधाचे आकडे फेरफार करून दिले होते. गाड्या सव्वासहा लाख, त्यांतल्या बऱ्याचशा निसानच्या नावाने विकलेल्या. चुकीची पद्धत 1991पासून चालू होती, हेही बाहेर आलं. दोन्ही ठिकाणी खोलीतला रोलर बरोबर होता. त्याला सांगितलेला रस्ता खोटा होता.

अमेरिकेने एक शहाणपण फार आधी केलं होतं. प्रयोगशाळेचा आकडा रस्त्यावर टिकत नाही, हे दिसल्यावर 1985च्या मॉडेलांपासून लेबलवर छापताना शहराच्या आकड्यातून 10 टक्के आणि हायवेच्या आकड्यातून 22 टक्के वजा होऊ लागले. 2008पासून एसी, थंडी आणि वेगवान ड्रायव्हिंगच्या चाचण्याही धरल्या. युरोपाने 2017मध्ये जुनी चाचणी सोडून जास्त लांब, जास्त वेगाची डब्ल्यूएलटीपी घेतली. आपण अजूनही प्रयोगशाळेचा कोरा आकडा जसाच्या तसा गिऱ्हाइकाच्या हातात देतो. मला हे मनापासून खटकतं. दोन गाड्यांची आपसात तुलना करायला तो आकडा उत्तम आहे, कारण दोघींची परीक्षा एकच. पण महिन्याचा पेट्रोलखर्च त्यावरून काढणाऱ्याला तो दर महिन्याला तोंडघशी पाडतो.

आणि मग किमतीचं गणित. आपली छोटी गाडी 'छोटी' का, याचं उत्तर कराच्या चोपडीत आहे. 2006च्या अर्थसंकल्पात चार मीटरच्या आतली, पेट्रोल 1200 सीसीपर्यंत किंवा डिझेल 1500 सीसीपर्यंतची गाडी वेगळी काढून तिच्यावरचं उत्पादन शुल्क 24 टक्क्यांवरून 16वर आणलं, 2008मध्ये 12वर. शेपूट कापल्यासारख्या दिसणाऱ्या सेदान त्यातूनच जन्मल्या. हीच व्याख्या जीएसटीतही टिकली, आणि 22 सप्टेंबर 2025पासून छोट्या गाड्यांवरचा कर 28 टक्क्यांवरून 18 झाला, वरचा सेसही गेला.

माझ्या मामाने 2012मध्ये डिझेलची छोटी गाडी घेतली. तेव्हा दिल्लीत पेट्रोल 73 रुपयांच्या पुढे आणि डिझेल 41च्या आसपास होतं. पेट्रोलचा भाव जून 2010मध्ये मोकळा केला होता, डिझेलचा सरकारने धरून ठेवला होता. मामाचं फिरणं वर्षाला आठ हजार किलोमीटर. पेट्रोलची गाडी 16 देणार म्हणजे 500 लिटर, साडेछत्तीस हजार. डिझेलची 20 देणार म्हणजे 400 लिटर, सोळा हजार चारशे. वर्षाला वीस हजार वाचणार, म्हणजे जास्त मोजलेले लाख रुपये पाच वर्षांत वसूल. गणितात चूक नव्हती. पण ऑक्टोबर 2014मध्ये डिझेलचाही भाव मोकळा झाला, फरक आटत गेला, आणि जून 2020मध्ये दिल्लीत डिझेल चक्क पेट्रोलच्या वर गेलं. तोवर सर्व्हिसिंगचा जादा खर्च मामा भरतच होता. गाडीचा आकडा शेवटपर्यंत खरा निघाला. बदलला तो सरकारी भाव.

आकड्यांच्या मोहाबद्दल आणखी एक. लिटरला 10 देणारी गाडी सोडून 12ची घेतली, तर दहा हजार किलोमीटरला 167 लिटर वाचतात. 20ची सोडून 22ची घेतली, तर जेमतेम 45. दोन किलोमीटरचा फरक दोन्हीकडे सारखाच, पण छोट्या गाड्यांत तो आधीच इतक्या वरच्या टोकाला आहे, की त्यातून मिळणारे पैसे थोडे. पेट्रोल शंभरच्या वर धरूनही वर्षाला पाच हजारांच्या आत. त्यासाठी चाळीस हजार जास्त देऊन वरचं मॉडेल घ्यायचं असेल, तर आठ वर्षांचा हिशेब मांडूनच घ्यावं. सीएनजीचा आकडाही पेट्रोलच्या शेजारी ठेवू नये. तो किलोला असतो, आणि एका किलो सीएनजीत लिटरभर पेट्रोलच्या साधारण दीडपट ऊर्जा असते.

ताजा बदल पेट्रोलमध्येच झाला आहे. जून 2022मध्ये देशात 10 टक्के इथेनॉलचं मिश्रण गाठलं, फेब्रुवारी 2023मध्ये 20 टक्क्यांचं ई20 आलं आणि 2025पर्यंत ते बहुतेक पंपांवर पोचलं. इथेनॉलमध्ये लिटरमागे ऊर्जा पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांशाने कमी. नीती आयोगाच्या 2021च्या आराखड्यातच, बिनइथेनॉलच्या पेट्रोलसाठी बनलेल्या चारचाकींचं ॲव्हरेज ई20वर 6 ते 7 टक्क्यांनी घटेल, असं लिहिलं होतं. ज्यांनी ई20च्या आधी गाडी घेतली, त्यांच्या ब्रोशरवरचा आकडा आता पंपावर मिळतच नाही अशा पेट्रोलचा आहे.

बाबांची वही आता माझ्या गाडीत आहे. गेल्या पाच टाक्यांची सरासरी 17.3 आली, त्याआधीची 18.1 होती. टायरही त्याच महिन्यात बदलले, त्यामुळे रकान्यासमोर मी अजून कारण लिहिलेलं नाही. आणखी पाच टाक्या व्हायच्या आहेत.