मायक्रोवेव्ह ट्यूब (सुरुवातीचा काळ)

मायक्रोवेव्ह ट्यूब म्हणजे सेंटिमीटरमध्ये मोजायच्या छोट्या रेडिओ लहरी तयार करणारी किंवा वाढवणारी निर्वात नळी. रेडिओच्या साध्या व्हॉल्व्हला हे झेपायचं नाही, कारण इलेक्ट्रॉन आतल्या आत पलीकडे पोचेपर्यंत सिग्नल उलटा फिरलेला असायचा. म्हणजे सगळा घोळ उशिराचा.

१९३७ मध्ये स्टॅनफर्डला रसेल आणि सिगर्ड व्हेरियन या भावांनी तो उशीरच कामाला लावला. सिगर्ड मुळात पायलट. विद्यापीठाने पगार दिला नाही, लॅब वापरायला दिली आणि सामानाला १०० डॉलर. विल्यम हॅन्सनच्या पोकळ रेझोनेटरची (लहर आतल्या आत घुमत राहते अशी धातूची पोकळी) आयडिया घेऊन त्यांनी क्लायस्ट्रॉन केला, त्यात काही इलेक्ट्रॉन जोरात सोडतात, काही हळू, मग मागचे पुढच्यांना गाठतात, त्यांचे घोळके होतात आणि दुसऱ्या पोकळीतून जाताना ते आपली ऊर्जा तिथे टाकतात. भारी डोकं आहे हे!

पण रडारला लागणारी ताकद त्यात नव्हती. मॅग्नेट्रॉन, म्हणजे चुंबकाने इलेक्ट्रॉन गोल फिरवणारी नळी, तसा जुना, अमेरिकेत अल्बर्ट हलने १९२० च्या सुमारास केलेला. इंग्लंडात बर्मिंगहॅमला जॉन रँडल आणि हॅरी बूट यांनी त्यात पोकळ्या घातल्या: तांब्याचा ठोकळा, मधे मोठं भोक, भोवती सहा छोटी, प्रत्येकाला मधल्या भोकात उघडणारी एक फट. २१ फेब्रुवारी १९४० ला तो चालला, साधारण १० सेंटिमीटरवर शेकडो वॅट, तेव्हाच्या मानाने हे अफाटच. (अशा पोकळ्यांचा मॅग्नेट्रॉन रशियात अलेक्सेयेव आणि माल्यारोव यांनी त्याआधीच केला होता, हे बहुतेक लोक विसरतात.) त्याच वर्षी टिझार्ड मिशनने (युद्धातली गुपितं अमेरिकेला द्यायला गेलेलं ब्रिटिश पथक) एक नमुना अमेरिकेत नेला. तिथल्या बेल लॅब्ज या टेलिफोन कंपनीच्या संशोधन केंद्रात त्याचा एक्स-रे काढला तर आत आठ भोकं, ड्रॉइंगमध्ये सहा! वेंबलीच्या जीईसी या ब्रिटिश कंपनीत एरिक मेगॉने सुधारलेला तो नग होता, ड्रॉइंग मात्र जुनंच गेलेलं. मग आठ भोकांचीच नक्कल केली.

पुढे बर्मिंगहॅमलाच रुडॉल्फ कॉम्फनर आला, शिक्षणाने चक्क आर्किटेक्ट. त्याने गणित उलटं मांडलं, लहरच वेटोळ्या तारेवरून फिरवत हळू केली, म्हणजे इलेक्ट्रॉन तिच्या बरोबरीने चालत राहतात. ही ट्रॅव्हलिंग वेव्ह ट्यूब. बेल लॅब्जच्या जॉन पिअर्सने तिची थिअरी बसवली, आणि १९६२ च्या टेलस्टार उपग्रहात हीच ट्यूब होती.