पिंजऱ्यासारख्या रेणूंचं एनएमआर शिथिलन : पार्श्वभूमी

चुंबकीय क्षेत्रातल्या अणुकेंद्रकांना रेडिओलहरींचा धक्का दिला की त्यांचा समतोल ढळतो. तो पुन्हा सावरण्याची क्रिया म्हणजे शिथिलन. यावर आधारलेल्या एनएमआरचा (केंद्रकीय चुंबकीय संस्पंदनाचा) शोध १९४५-४६मध्ये पर्सेल आणि ब्लॉख यांच्या गटांनी स्वतंत्रपणे लावला. सावरायला लागणारा वेळ कशावर ठरतो, हे १९४८मध्ये ब्लोमबर्गन, पर्सेल आणि पाउंड यांनी उलगडलं. द्रवातले रेणू सतत गिरक्या घेत असतात, त्यामुळे प्रत्येक केंद्रकाभोवतीचं स्थानिक क्षेत्र हेलकावत राहतं आणि त्यातून शिथिलन घडतं. थोडक्यात, शिथिलनकाळावरून रेणूच्या फिरण्याचा वेग काढता येतो.

पण बहुतेक रेणू लवचिक असतात. ते फिरतात आणि जागोजागी वळवळतातही. मोजलेल्या आकड्यात कुणाचा वाटा किती, हे सांगणं जिकिरीचं. अडमँटेनसारख्या (दहा कार्बन अणूंच्या) पिंजऱ्यांचं तसं नाही. सांगाडा ताठ, आकार जवळपास गोल. सिद्धांत पारखायला याहून सोयीचे रेणू मिळणं कठीण. १९६६मध्ये अर्न्स्ट आणि अँडरसन यांनी फूरिए पद्धत (एकाच धक्क्यात सगळे संकेत टिपून गणिताने वेगळे करणारी) आणली आणि निसर्गात जेमतेम १.१ टक्के असणाऱ्या कार्बन-१३चं शिथिलनही पुढे आवाक्यात आलं.

१९९०मध्ये सी-६०, म्हणजे साठ कार्बन अणूंचा चेंडूसारखा पोकळ रेणू, पुरेशा प्रमाणात मिळू लागला. या रेणूत हायड्रोजन नाही, त्यामुळे शेजारच्या हायड्रोजनच्या चुंबकत्वातून होणारा कार्बनच्या शिथिलनाचा नेहमीचा मार्गच बंद. उरतो तो मुख्यतः रासायनिक सरकीच्या दिशावलंबित्वाचा मार्ग (भोवतालच्या इलेक्ट्रॉनांमुळे संकेताची वारंवारता थोडी सरकते, आणि किती सरकते हे रेणूच्या दिशेवर ठरतं), आणि तो चुंबकीय क्षेत्राच्या वर्गाच्या पटीत वाढतो. म्हणून वेगवेगळ्या क्षेत्रांत मोजमाप करून त्याचा वाटा वेगळा काढता येतो. (विरघळलेला ऑक्सिजन आधी काढलेला बरा, तो अनुचुंबकीय, म्हणजे स्वतःच छोट्या चुंबकासारखा, असल्याने मोजमाप बिघडवतो.) १९९२मध्ये असंच मोजमाप घन सी-६०वर झालं. २८३ केल्व्हिनला रेणूची दिशा विसरली जाण्याचा काळ ९.१ पिकोसेकंद निघाला, तर द्रावणात तो १५.५! घनातला रेणू द्रावणातल्यापेक्षा चपळ, हे कुणालाही चटकन पटणार नाही.

क्रिप्टोफेनमुळे प्रश्नच बदलला. १९८१मध्ये कोले यांच्या गटाने बनवलेला हा पिंजरा म्हणजे तीन दुव्यांनी जोडलेल्या, तोंडाला तोंड लावलेल्या दोन वाट्या. क्रिप्टोफेन-ईच्या पोकळीत क्लोरोफॉर्मचा रेणू मावतो, आणि त्याची ये-जा इतकी संथ की आतल्या-बाहेरच्या क्लोरोफॉर्मचे संकेत वेगळे दिसतात. एकाच नळीत दोघांची तुलना करता येते. २००१मध्ये स्टॉकहोमच्या कोवालेव्स्की यांच्या गटाने ती केली. पिंजरा आणि आतला क्लोरोफॉर्म यांच्यात कुठलाही रासायनिक बंध नाही, तरी आतला पाहुणा हवा तसा फिरत नाही. त्याची दिशा बरीचशी यजमान पिंजऱ्याशी बांधलेली असते.