टॅरिफ वेगळं, निर्यात नियंत्रण वेगळं

परवा नाशिकच्या गंगापूर रोडला आम्ही दहा-बारा जणी जमलो होतो. दोघी अर्थशास्त्र शिकवणाऱ्या, एक परराष्ट्र धोरणाची अभ्यासक, बाकीच्या माझ्यासारख्या ऐकायला आलेल्या. विषय होता अमेरिका आणि चीनची तंत्रज्ञानातली चढाओढ. बोलता बोलता लक्षात आलं, टॅरिफ आणि निर्यात नियंत्रण हे दोन्ही आपण सरसकट ‘व्यापारयुद्ध’ या एकाच पोत्यात भरतो.

टॅरिफ म्हणजे आयात शुल्क. परका माल आपल्या दारात आला की त्यावर कर. माल येतो, पण महाग होऊन. मे २०२४ मध्ये अमेरिकेने चिनी इलेक्ट्रिक गाड्यांवरचं शुल्क २५ वरून १०० टक्क्यांवर नेत असल्याचं जाहीर केलं. तरीही नुसत्या शुल्काने दार बंद होत नाही; ऐपत असेल त्याला माल मागवता येतो आणि कर सरकारी तिजोरीत जातो.

निर्यात नियंत्रणात माल आपलाच असतो. तो कोणाला विकायचा, हे सरकार ठरवतं. ७ ऑक्टोबर २०२२ पासून प्रगत चिप आणि त्या बनवायची यंत्रं चीनला विकायला अमेरिकी परवाना लागू लागला. इथे परवाना नसेल तर दुप्पट दाम मोजूनही उपयोग नाही. तिजोरीत सहसा काही पडत नाही, उलट स्वतःच्याच कंपन्यांचं मोठं गिऱ्हाईक तुटतं. शिवाय हा हात लांबवर पोचतो: अमेरिकी यंत्रं किंवा सॉफ्टवेअर वापरून तैवानमध्ये बनलेली चिपसुद्धा या नियमात अडकू शकते.

लासलगावकडच्या एका ताईंनी हे सगळं कांद्यावर आणलं. ऑगस्ट २०२३ मध्ये ४० टक्के निर्यात शुल्क लागलं, तेव्हा भाव पडला तरी माल बंदराकडे जात होता. डिसेंबरात बंदी आली आणि वाटच खुंटली. कर आणि मनाई यांतला फरक इतका नेमका मी कुठे ऐकला नव्हता. एक गोष्ट मात्र त्यात जोडायला हवी. कांदा अडवला तो देशातला भाव आवरायला. चिप अडवतात ती समोरच्याची वाढ रोखायला.

बायडेन सरकारात ही दोन्ही हत्यारं दोन स्त्रियांच्या हाती होती, याचं मला फार अप्रूप वाटतं. चिनी मालावरच्या टॅरिफचा फेरआढावा व्यापार प्रतिनिधी कॅथरीन टाय यांच्याकडे, निर्यात नियंत्रण वाणिज्यमंत्री जीना रायमोंडो यांच्याकडे. ऑगस्ट २०२३ मध्ये रायमोंडो चीनमध्ये असतानाच ह्युवावे या चिनी कंपनीने चीनमध्येच बनलेल्या प्रगत चिपचा फोन बाजारात आणला. नियंत्रणामुळे चीनचा वेग कमी झाला की जिद्द वाढली, यावर आमच्या तिन्ही अभ्यासक शेवटपर्यंत भांडत होत्या. मला दुसरं जास्त पटतं.

चीननेही हेच हत्यार उचललं. २०२३ मध्ये चिपसाठी लागणारे गॅलियम आणि जर्मेनियम, एप्रिल २०२५ मध्ये सात दुर्मिळ मृदा धातू आणि त्यांचे चुंबक, सगळ्यांच्या निर्यातीला परवाना लागू लागला. त्याची झळ आपल्या वाहन उद्योगालाही बसली. अंबडला मोटारींचे सुटे भाग बनवणाऱ्या एकीने पर्समधून नखाएवढा चुंबक काढून टेबलावर ठेवला. तो चटकन स्टीलच्या चमच्याला जाऊन चिकटला.

‘‘कर लावला असता तर भरला असता हो,’’ ती म्हणाली. ‘‘पण परवाना कुठल्या दुकानातून आणू?’’