प्राणिहक्क आणि प्राणिप्रयोग-विरोध : कोणते पुस्तक, कोणती आवृत्ती, कशासाठी

या विषयावर आम्हा पुस्तकविक्रेत्यांकडे पहिली मागणी बहुधा एकाच पुस्तकाची येते : पीटर सिंगर यांचे 'ॲनिमल लिबरेशन'. मागणी रास्त आहे, पण नुसते नाव पुरत नाही. हे पुस्तक १९७५ साली निघाले, १९९० मध्ये सुधारून निघाले आणि २०२३ मध्ये 'ॲनिमल लिबरेशन नाऊ' या नावाने बरेचसे नव्याने लिहून आले. युक्तिवादाचा पाया तोच राहिला. बदलली ती मुख्यतः प्रयोगशाळा आणि पशुपालनाचे कारखाने यांवरची प्रकरणे. 'आज काय चालते' यावर बोलायचे असेल तर २०२३चीच प्रत घ्या. १९७५च्या प्रतीतले प्रयोग आजचे म्हणून सांगितले, तर सभेतला एखादा औषधशास्त्राचा प्राध्यापक तुम्हाला तिथेच अडवील, आणि मग बाकीचे खरे मुद्देही वाया जातील. चळवळीचा इतिहास अभ्यासणाऱ्यांना मात्र जुनीच प्रत लागते.

सिंगर यांचा युक्तिवाद हक्कांवर उभा नाही. तो वेदना आणि हित यांच्या हिशोबावर उभा आहे. हक्कांची बाजू हवी असेल तर टॉम रीगन यांचे 'द केस फॉर ॲनिमल राइट्स' (१९८३) घ्या. प्रयोग कमी करा, पिंजरे मोठे करा, एवढ्यावर रीगन थांबत नाहीत. प्रयोग बंदच व्हावेत, असे त्यांचे म्हणणे आहे. पुस्तक जाडजूड आणि तत्त्वज्ञानाच्या परिभाषेने भरलेले आहे. आधी सिंगर वाचल्याशिवाय ते हाती घेऊ नये, असे आमचे मत आहे. २००४च्या आवृत्तीत नवी प्रस्तावना आहे, पण मुख्य युक्तिवाद जुन्या प्रतीतही पूर्ण मिळतो. तेव्हा या पुस्तकाची जुनी, वापरलेली स्वस्त प्रत घ्यायला हरकत नाही.

प्रयोगांविषयी

रसेल आणि बर्च यांचे 'द प्रिन्सिपल्स ऑफ ह्युमेन एक्सपेरिमेंटल टेक्निक' (१९५९) हे विरोधकांचे पुस्तक नव्हे, तरी विरोधकांनी ते वाचलेच पाहिजे. प्राण्याऐवजी दुसरी पद्धत वापरणे, प्राण्यांची संख्या घटवणे आणि वेदना कमी करणे ही त्रिसूत्री इथून आली. प्रयोगांना परवानगी देणाऱ्या समित्या आज हीच भाषा बोलतात. त्याची जुनी छापील प्रत महाग पडते. पूर्ण मजकूर अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या पर्यायी चाचण्यांच्या केंद्राने इंटरनेटवर मोफत ठेवला आहे. संग्रहासाठी नको असेल तर हे पुस्तक आमच्याकडून घेऊ नका.

'द शॅम्बल्स ऑफ सायन्स' (१९०३) मागवताना विशेष काळजी घ्या. लिझी लिंड-अफ-हागेबी आणि लाइसा शार्टाऊ या दोन स्वीडिश विद्यार्थिनींनी लंडनमध्ये पाहिलेल्या प्रात्यक्षिकांच्या या नोंदी. एका तपकिरी कुत्र्यावरच्या प्रयोगाचे वर्णन 'फन' या प्रकरणात होते. त्या कुत्र्याला पुरेशी भूल दिली नव्हती, असा जाहीर आरोप प्राणिप्रयोगविरोधी कार्यकर्ते स्टीफन कोलरिज यांनी केला. त्यावरून तो प्रयोग करणारे शरीरक्रियाशास्त्रज्ञ विल्यम बेलिस यांनी त्यांच्यावर बदनामीचा खटला भरला आणि नोव्हेंबर १९०३ मध्ये २,००० पौंडांची भरपाई मिळवली. त्यानंतरच्या आवृत्तीतून 'फन' गळाले आणि खटल्याविषयीचे प्रकरण आले. म्हणजे ज्या प्रकरणासाठी लोक पुस्तक शोधतात, तेच पुष्कळदा हाती आलेल्या प्रतीत नसते. अनुक्रमणिकेचा फोटो पाहिल्याशिवाय पैसे देऊ नयेत.

प्रयोग वैज्ञानिकदृष्ट्याच निरुपयोगी असतात, असे सांगणारी पुस्तके वेगळी ठेवा. हान्स रूश यांचे 'स्लॉटर ऑफ द इनोसंट' चळवळीत खूप वाचले गेले. पण प्राणिप्रयोगांतून कधीच काही हाती लागले नाही, ही टोकाची भूमिका पुराव्यापुढे टिकत नाही. त्यापेक्षा अँड्र्यू नाइट यांचे 'द कॉस्ट्स अँड बेनिफिट्स ऑफ ॲनिमल एक्सपेरिमेंट्स' (२०११) घ्या. 'थॅलिडोमाइड प्राण्यांवर तपासूनही घात झाला' हे वाक्य पत्रकांत हमखास भेटते. गरोदर स्त्रियांनी घेतल्याने बाळांत जन्मजात व्यंगे आली ते हे औषध; पण बाजारात येण्यापूर्वी ते गाभण प्राण्यांवर नीट तपासलेच गेले नव्हते. पुढे काही जातींच्या सशांत आणि माकडांत दुष्परिणाम दिसले, उंदरांत सहसा दिसले नाहीत. एका प्राण्यावरून दुसऱ्याचा अंदाज चुकतो, एवढेच त्यातून म्हणता येते, आणि तेवढे पुरेसे आहे.

आंदोलन कसे चालवावे

या कप्प्यातून एकच पुस्तक निवडायचे झाले, तर सिंगर यांनी अमेरिकन प्राणिहक्क कार्यकर्ते हेन्री स्पायरा यांच्यावर लिहिलेले 'एथिक्स इंटू ॲक्शन' (१९९८) निवडा. स्पायरा यांची पहिली मोहीम १९७६ मध्ये न्यूयॉर्कच्या नैसर्गिक इतिहास संग्रहालयातल्या मांजरांवरच्या प्रयोगांविरुद्ध होती आणि ती यशस्वी झाली. नंतर त्यांनी सौंदर्यप्रसाधनांची ड्रेझ चाचणी धरली. या चाचणीत सशाच्या डोळ्यात ०.१ मिलिलिटर पदार्थ घालून पुढचे काही दिवस इजेला गुण देतात. कंपनी निवडली रेव्हलॉन, कारण सुंदर दिसण्याचे स्वप्न विकणाऱ्याला आंधळा ससा परवडत नाही. मागणीही 'चाचणी उद्या बंद करा' अशी ठेवली नाही. पर्याय शोधायला पैसे द्या, एवढीच ठेवली. आधी पत्रे आणि बैठका झाल्या. त्यातून काही निघेना, तेव्हा १५ एप्रिल १९८० रोजी न्यूयॉर्क टाइम्समध्ये पानभर जाहिरात दिली. त्याच वर्षाच्या अखेरीस रेव्हलॉनने रॉकफेलर विद्यापीठाला तीन वर्षांसाठी ७,५०,००० डॉलर दिले.

पुस्तक वाचताना प्रत्येक मोहिमेसाठी वहीत चार रकाने आखा : लक्ष्य कोण, मागणी काय, समोरच्याला माघार घ्यायला वाट कोणती, आणि 'नाही' म्हटल्यास पुढची पायरी काय. गटांच्या मोहिमा बहुधा तिसऱ्या रकान्यात अडतात. समोरच्याला मान राखून बदलायला जागाच नसेल, तर तो वकील नेमतो.

याची उलट बाजू गॅरी फ्रान्सिओन यांच्या 'रेन विदाउट थंडर' (१९९६) मध्ये आहे. अशा तडजोडींमुळे प्राणी मालमत्ताच राहतो आणि लोकांची टोचणी तेवढी बोथट होते, असा त्यांचा आक्षेप. वाचनमंडळाने ही दोन्ही पुस्तके एकत्र घ्यावीत; एकच वाचले तर वाद एकतर्फी होतो.

भारतातील कायदा

इथे परदेशी पुस्तके उपयोगी नाहीत. १९६०च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याची मूळ संहिता घ्या आणि कलम १४ ते २० वाचा. कलम १४ प्रयोगांना मुभा देते. कलम १७ म्हणते की पुस्तके, प्रतिकृती, चित्रफिती यांनी शिकवणे भागत असेल तिथे प्रयोग टाळावेत. कॉलेजला निवेदन देताना याच वाक्याचा आधार घ्यावा. कलम २० मधला दंड मात्र २०० रुपयांपर्यंतच आहे, तेव्हा शिक्षेची भीती घालण्यात अर्थ नाही. सौंदर्यप्रसाधनांच्या प्राणिचाचण्यांवर आणि अशा मालाच्या आयातीवर २०१४ मध्ये बंदी आली, तर नव्या औषधांच्या नियमांत प्राणीविरहित पद्धतींना २०२३ मध्ये जागा मिळाली. त्यामुळे २०१४ पूर्वीचे कायदा-मार्गदर्शक आम्ही ठेवत नाही.

मागवताना

आयएसबीएन, म्हणजे पुस्तकावर छापलेला ओळखक्रमांक, कळवा. २००७ पूर्वीच्या पुस्तकांवर तो दहा अंकी असतो. त्याच्यापुढे नुसते ९७८ लावून चालत नाही, कारण शेवटचा तपासणीचा अंकही बदलतो. भलतेच पुस्तक येण्याचे हे नेहमीचे कारण आहे. रसेल आणि बर्च यांच्या १९५९च्या पहिल्या आवृत्तीसारख्या जुन्या पुस्तकांना आयएसबीएनच नाही. तिथे प्रकाशक आणि वर्ष लिहा.

हेन्री सॉल्ट यांच्या 'ॲनिमल्स राइट्स'च्या (१८९२) मागणीनुसार छापलेल्या प्रती बाजारात पुष्कळ आहेत. सॉल्ट १९३९ मध्ये वारले, त्यामुळे भारतात हक्क संपलेले आहेत आणि कोणीही ते छापू शकतो. यंत्राने वाचून छापलेल्या प्रतीत तळटिपा मजकुरात मिसळतात, पाने गळतात. मूळ पानांच्या छायाचित्रांवरून छापलेली प्रत आहे का, हे विचारा. गांधीजींनी लंडनमध्ये वाचले ते सॉल्ट यांचे शाकाहारावरचे दुसरे पुस्तक. ते हवे असेल तर तसे स्पष्ट लिहा.

१९७०-८० च्या दशकांतल्या स्वस्त कागदी बांधणीच्या प्रतींचा डिंक वाळलेला असतो. पुस्तक पूर्ण उघडून टेबलावर दाबले की कणा तुटतो. अशी प्रत वाचनालयासाठी घेऊ नका. घ्यायचीच असेल तर आधी नवी बांधणी करून मागा. तिचा खर्च वेगळा पडेल.