कला-भौतिकी सहकार्य

कलावंत व भौतिकशास्त्रज्ञ यांनी एकाच कृतीवर मिळून काम करण्याची पद्धत. भौतिकीतील कल्पनांवर चित्र काढणे किंवा शास्त्रज्ञाचा जाता जाता सल्ला घेणे यालाही सैलपणे हेच नाव दिले जाते. पण दोघांच्याही कामाला एकमेकांमुळे वळण लागले, तरच ते शोभते.

या कामाला संघटित रूप आले ते न्यूयॉर्कमध्ये. बेल प्रयोगशाळेतील अभियंता बिली क्लूव्हर व चित्रकार रॉबर्ट राउशेनबर्ग यांच्या पुढाकाराने ऑक्टोबर १९६६ मध्ये १० कलावंत आणि सुमारे ३० अभियंत्यांनी मिळून प्रयोग सादर केले. त्यातूनच ‘ई.ए.टी.’ (एक्स्पेरिमेंट्स इन आर्ट अँड टेक्नॉलॉजी) ही संस्था उभी राहिली.

तिचे सर्वांत बोलके काम म्हणजे जपानमधील ओसाका येथे १९७० मध्ये भरलेल्या जागतिक प्रदर्शनातील धुके. पेप्सीचा अख्खा मंडप धुक्यात गुंडाळायचा होता. रासायनिक धूर जपानी कलावंत फुजिको नाकाया यांना नको होता. अंगावर घेता येईल, श्वासात भरून घेता येईल असे निव्वळ पाण्याचेच धुके हवे, हा त्यांचा हट्ट. ढगांचे भौतिकी जाणणाऱ्या टॉमस मी यांनी तो पुरवला. अतिशय बारीक छिद्रातून मोठ्या दाबाने सुटलेली पाण्याची धार समोरच्या सुईच्या टोकावर आपटते आणि तिचे तुषार होतात. पुढचा आकार वारा ठरवतो. हेच तंत्र नंतर टर्बाइनमध्ये जाणारी हवा थंड करायलाही कामी आले. फुजिको यांचे वडील उकिचिरो नाकाया यांनी १९३६ मध्ये प्रयोगशाळेत पहिला कृत्रिम हिमस्फटिक घडवला होता, हेही इथे आठवावे.

जिनिव्हाजवळच्या ‘सर्न’ या कणभौतिकी प्रयोगशाळेने २०११ मध्ये कलावंतांसाठी निवासी उपक्रम सुरू केला. त्यातून नृत्यरचनाकार जिल जोबँ व दृश्यकलावंत ज्युलियस फोन बिस्मार्क यांची ‘क्वांटम’ ही नृत्यकृती २०१३ मध्ये रंगली. मात्र मोजक्या महिन्यांच्या अशा मुक्कामात ओळख होते, काम मुरतेच असे नाही.

‘इंटरस्टेलर’ (२०१४) या चित्रपटातील कृष्णविवर भौतिकशास्त्रज्ञ किप थॉर्न यांच्या समीकरणांवरून दृश्य-परिणाम स्टुडिओने साकारले. त्यावर २०१५ मध्ये निघालेल्या शोधनिबंधावर थॉर्न यांच्यासोबत स्टुडिओतील तंत्रज्ञांचीही नावे आहेत. गणितानुसार विवराभोवती फिरणाऱ्या तप्त वायूच्या तबकडीची एक बाजू लखलखीत आणि दुसरी अंधुक दिसायला हवी होती. प्रेक्षक गोंधळतील म्हणून चित्रपटात दोन्ही बाजू सारख्या ठेवल्या गेल्या. गणिताबरहुकूम चित्र निबंधात छापले गेले.